एक वीत मागे

अब्बा, हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. तुम्हाला उर्दू तेवढी वाचता यायची. मला तुम्ही मराठी शाळेत घातलंत, कारण दुकानावर येणारे सरकारी कागद वाचणारं घरात कुणीतरी हवं होतं. मोठ्या कौतुकानं लोकांना सांगायचात, पोरगी शिकतेय. शिकून तिनं तुमचे कागद मोठ्यानं वाचून दाखवावेत आणि बाकी तोंड मिटून बसावं, एवढाच त्या शिक्षणाचा हिशेब होता. दहा वर्षांची असल्यापासून तुमची प्रत्येक नोटीस, प्रत्येक अर्ज मी वाचून दाखवला. हा कागद मात्र तुम्ही समोर बसलेले असतात तरी वाचून दाखवला नसता.

आज दुकानावर कन्नडचा मंडपवाला आला होता. नवी पिकअप घेऊन आला, मागे जनरेटरची ट्रॉली जोडलेली. गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार अजून ताजा होता. तुमच्या वेळची रीत अजून तशीच आहे. नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी देवाला नाहीतर दर्ग्याला जाते, आणि तिथून थेट कमानवाल्याकडे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगेत पोलादी पाटे घालणाऱ्या आपल्यासारख्याकडे. कंपनीनं बसवलेल्या पाट्यांवर आपल्या माणसाचा भरवसा नाही. हार सुकायच्या आत मागच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा वाढला पाहिजे, तरच गाडी घेतल्यासारखी वाटते. गाडी त्याचा जावई चालवत होता. मंडपवाला शेजारच्या सीटवरून आधी कुबडी खाली टेकवून उतरला, आणि माझ्याशी बोलायच्या आधी भिंतीवरच्या तुमच्या फोटोला त्यानं हात जोडले. मग म्हणाला, "चाचांनी टाकला हुता तसाच पाटा टाका, ताई. गाडीचं बूड बसलं नाय पायजे." जावयाला त्यानं तिथंच उभ्या उभ्या सगळं ऐकवलं. चाचांच्या कामात खोट नव्हती, मीच घाटात गाडी जोरात घातली, पाय गेला तो माझ्या चुकीनं. इतक्या वर्षांत त्यानं हे किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे. मी मापाची टेप मिटवून खिशात टाकली.

तुमच्यावरचा माझा राग जुना आहे आणि तो कमी झालेला नाही, हे सरळच सांगते. लोक म्हणतात, माणूस गेला की त्याचं वाईट विसरावं. मला ते जमलं नाही. तुमचं चांगलंही मी विसरलेले नाही. तुम्ही पाट्यावर हातोडीचा एक टोला मारायचात, मान कलती करून ऐकायचात आणि सांगायचात की तिसऱ्या पाट्याला चीर आहे. कमान उघडली की तिसऱ्यातच चीर निघायची. भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून पाणी कधी द्यायचं ते तुम्हाला कळायचं. मी पत्र्याच्या टेबलाशी बसून हे सगळं बघायचे, आणि माझे हात शिवशिवायचे. पण पान्याला हात लावला की तुम्ही ओरडायचात. पोरीचे हात काळे झाले की स्थळं येत नाहीत म्हणे. स्थळं तशीही आली नाहीत, अब्बा. हात मात्र उगाच पांढरे राहिले.

मी तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मंडपवाला त्याची पहिली पिकअप घेऊन आला होता, तेव्हा तो दोन पायांचा आणि आडव्या अंगाचा, हसरा गडी होता. नवा, मोठा जनरेटर घेतला होता त्यानं, लग्नसराई तोंडावर आलेली. ट्रॉलीचा पुढचा दांडा, ज्याला आपण नाक म्हणायचो, गाडीच्या हुकावर टेकवला की पिकअपचं बूड खाली बसायचं आणि दिवे आभाळाकडे बघायचे. तुम्ही दोन्ही कमानींत पाटे वाढवलेत. बूड बरंच उचललं, पण अजून चार बोटं खालीच होतं. तुम्ही ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, खिशातला खडू काढलात आणि जनरेटरच्या बुडाशी, एक वीत मागे, रेघ ओढलीत. जनरेटर एवढा मागे सरकव, म्हणालात, म्हणजे नाकावरचं ओझं जाईल आणि गाडी सपाट बसेल.

गाडी सपाट बसणार हे खरंच होतं. पण त्याच महिन्यात आमच्या सरांनी वर्गात टेबलावर एक छोटी गाडी ओढून दाखवली होती, मागे एक छोटी ट्रॉली. ट्रॉलीत वजन चाकाच्या पुढे ठेवलं की ती सरळ धावायची. तेच वजन चाकाच्या मागे सरकवलं की जरा वेग आला न आला तोच ती शेपटी मारायची आणि पुढच्या गाडीलाही उलटवायची. नाक हलकं झालं की ट्रॉली गाडीचं ऐकत नाही, आणि उतारावर तर मुळीच नाही. कमानीत पाटे कितीही घाला, त्यानं बूड बसायचं थांबतं, शेपटी थांबत नाही. मी टेबलावरून उठले आणि हे सगळं सांगितलं. हळूच सांगायला हवं होतं, बाजूला घेऊन. मी मंडपवाल्यासमोर सांगितलं, ही माझी चूक. जनरेटर मागे नाही, पुढे घ्यायला हवा, असं म्हणाले.

घरात तुम्ही मला नेहमी आपल्या बोलीत रागवायचात. त्या दिवशी मराठीत बोललात, मंडपवाल्याला प्रत्येक शब्द कळावा म्हणून. "दोन बुकं वाचून लोखंड कळत नसतं. माझी दाढी या भट्टीपुढं पांढरी झाली. तू जा, दोन चहा सांग." मंडपवाला हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. मी चहा सांगून आले. जनरेटर खडूच्या रेघेवर सरकला, बोल्ट आवळले गेले, गाडी आरशासारखी सपाट दिसायला लागली. तुम्ही नमाजहून आल्यावर मंडपवाल्यानं तुमचे हात हातात घेतले आणि तो निघून गेला.

चौथ्या दिवशी कन्नडच्या घाटात, चाळीसगावकडं उतरताना, ट्रॉलीनं शेपटी मारली. पहिल्यांदा थोडी, मग जास्त, मग पिकअपला घेऊन ती आडवी झाली. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आपण दोघं दवाखान्यात गेलो तेव्हा तो नुकता शुद्धीवर आला होता. तुम्ही खाटेजवळ उभं राहून पहिला प्रश्न काय विचारलात, आठवतंय? कसा आहेस, असं नाही. "उतारावर किती जोरात हुतास?" त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "जरा जोरातच हुतो, चाचा." बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, ऐकलंस ना. बस्स, निकाल लागला. त्या गरिबानं स्वतःचा पाय गमावला आणि वर त्याचा दोषही तुम्ही त्याच्याच उशाशी ठेवून आलात.

नंतर तो दवाखान्यात होता तोवर दर जुम्म्याला तुम्ही अम्मीला मटणाचा खलिया करायला लावायचात आणि नानसोबत डबा भरून स्वतः घेऊन जायचात. मनात काही खुपत होतं म्हणून नेत होतात की नुसती माणुसकी होती, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं नाही. आपण पुढची नऊ वर्षं एका घरात राहिलो आणि कामाबद्दल एक शब्दही बोललो नाही. तुम्ही गेलात तेव्हा मंडपवाला कन्नडहून कुबडीवर आला, कब्रस्तानापर्यंत चालत गेला, आणि परत येऊन मला म्हणाला की असा कारागीर पुन्हा होणे नाही. मला त्याच्यासमोर ओरडावंसं वाटलं. मी डोक्यावरची ओढणी सारखी केली.

आता दुकान मी चालवते. हात काळे आहेत, रोज. सुरुवातीला लोक दारात थबकायचे आणि मिस्तरी कुठाय विचारायचे, आता विचारत नाहीत. ट्रॉली आली की कुणाचं काही ऐकायच्या आधी मी तिचं नाक वजनकाट्यावर टेकवते, बाजारात कापसाची गाठोडी तोलतात तसल्या. अख्ख्या ट्रॉलीच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी नाकावर हवा, थोडा जास्त चालेल, कमी चालणार नाही. तेवढ्या ओझ्यानं बूड बसलं तर मग पाटा, ओझं आल्यावरच टेकणारा. मग मागचे शॉकअप, मग टायरमधली हवा. म्हणजे तुमचा पाटा मी टाकून दिलेला नाही, अब्बा. त्याची पाळी फक्त दुसरी लावली. आज मंडपवाल्याची ट्रॉली काट्यावर टेकवली तर काटा जेमतेम हलला. जनरेटर पुन्हा मागेच बसवलेला, एक वीत. जावयाला विचारलं तर म्हणाला, मामांनीच सांगितलं, चाचांचं माप आहे. तुमचं माप त्या माणसानं पाय गेल्यावरही जपून ठेवलंय.

मी जनरेटर पुढे घेतला. का घेतला हे जावयाला नीट समजावलं, वजनासकट, आणि त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग पाटा टाकला. जावई दौलताबादच्या चढ-उतारावर फिरवून आला आणि म्हणाला, सरळ येतीय. मंडपवाला खूश झाला. "चाचांचा हात तुमच्या हातात उतरलाय, ताई," म्हणाला. तेव्हा मी बोलायला हवं होतं. पाय तुझ्या चुकीनं गेला नाही, हे एक वाक्य. इतकी वर्षं मी समजत होते की तुमची अब्रू राखायला मी गप्प आहे, आणि त्याचाही दोष मी तुमच्याच माथी मारत आले. आज तो समोर उभा होता, तुम्ही नव्हता, आणि तरीही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

कारण ते वाक्य तिथंच थांबलं नसतं. त्या दिवशी मी चहा सांगून आले तेव्हा तुम्ही नमाजला निघाला होतात. दारात थांबलात, मला बघितलंत, आणि मघाशी जास्तच बोललो असं वाटलं असावं, कारण आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मोठा पाना माझ्या हातात दिलात. चल, बोल्ट तू आवळ, म्हणालात. मंडपवाल्यानं आणि शेजारच्या वेल्डरनं मिळून जनरेटर रेघेवर सरकवला होता. मला नको म्हणता आलं असतं. वेल्डर परत गेला होता, मंडपवाला एकटाच उभा होता, त्याला पुन्हा समजावता आलं असतं. पण मी मनात म्हणाले, मारू दे शेपटी, येऊ दे परत तक्रार घेऊन, मग कळेल अब्बांना कोण बरोबर होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, अब्बा. मला माहीत होतं, आणि चारही बोल्ट मी आवळले.

अपघातानंतर ट्रॉली उचलून दुकानावर आणली तेव्हा सगळी चेपलेली होती, चाक तुटलेलं. जनरेटर मात्र जागेवरून हललेला नव्हता. तुम्ही वाकून बोल्ट तपासलेत, एकेक, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "आवळलेस मात्र चांगले." माझ्या हाताच्या कामाचं तुम्ही केलेलं तेवढंच एक कौतुक आहे, आणि ते मला अजून आवडतं.