गाडीच्या छताचं अस्तर

अण्णा,

परवा गाडीचं छत उतरवलं. म्हणजे आतलं कापड. सीटकव्हरवाले त्याला रूफ म्हणतात, तुम्ही अस्तर म्हणायचात. तीच गाडी, जिच्या मागच्या सीटवर निजवून मी तुम्हाला दर सोमवारी कोल्हापूरला केमोला न्यायचे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, गाडी मात्र विकू विकू म्हणता राहून गेली. यंदा ते कापड इतकं खाली आलं की आरशात मागचं काही दिसेना. आरे-वारेच्या वळणावर मागून आलेला ट्रक मला दिसलाच नाही, थोडक्यात बचावले. तेव्हा कुठे माझे हात हलले.

या जुन्या गाड्यांत कापड चिकटवलेलं नसतं. परकराला असतो तसा त्याला आडवा नेफा शिवलेला असतो, एकामागे एक असे चार, आणि त्यांतून लोखंडी तारा ओवून ते वर ताणून धरतात. आपल्या खाऱ्या हवेत तार गंजते, गंजाने शिवण कुजते आणि कापड लोंबायला लागतं. मागच्या सीटवरचा नेफा तुमच्या आजारपणातच सुटला होता. सीटकव्हरवाला गाडीत वाकून काम करत होता, तो मध्येच थांबला. म्हणाला, "ताई, हे कुणी केलंय? ही मशीनची टीप नव्हे. हातशिलाई हाय."

मी मागच्या सीटवर जाऊन आडवी झाले, तुम्ही पडायचात तशी, डोकं डाव्या दाराकडे करून. राखाडी कापडावर पांढरा दोरा. रंगाला रंग जुळल्याशिवाय ज्यांनी सुईत दोरा ओवला नाही, त्यांचा पांढरा दोरा. सुरुवातीचे दहा-बारा टाके उलट्या टिपेचे, तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे. पुढे ते लांब होत जातात, मग तिरके. शेवटचे दोन तर नेफ्यात शिरलेच नाहीत, नुसत्या वरच्या कापडातून गेलेत. शेवटी गाठ नाही. एकूण वीतभर काम. मला ते वाचता आलं अण्णा, कारण वाचायला तुम्हीच शिकवलंत.

संगमेश्वरच्या बाजारातलं आपलं दुकान. मी अकरा वर्षांची आहे, माझ्याच झग्याला आतून अस्तर लावते आहे. भराभर उरकून मी पाय हलवत बसले आहे. तुम्ही झगा उलटा करता, चष्मा कपाळावर सरकवता आणि ब्लेडने अख्खी शिवण उसवून माझ्या मांडीवर टाकता. "आतलं कोण बघतंय?" मी म्हणते. "अगो, वरचं कापड लोकांना दिसतं, अस्तर आपल्या अंगाला लागतं. पुन्हा घाल." मी रडत रडत पुन्हा घातलं. दुपारी तुम्ही मला भजी आणून दिलीत, पण शिवण चांगली झाली असं काही म्हणाला नाहीत.

आणि त्याच माणसाच्या तोंडावर मी दर सोमवारी ते कुजकं कापड लोंबत ठेवलं. आंबा घाट चढताना तुमचा आवाज यायचा, "अगो, हे तोंडावर येतंय. जरा कुणाकडून टाचून घेशील काय?" मी म्हणायचे, घेते. चौथ्या की पाचव्या फेरीला तुम्ही सुई मागितलीत. धुकं होतं, समोरून एसटी येत होती, मी फाडकन बोलले, "अण्णा, गप्प डोळे मिटून पडा. तुमच्या अस्तरापायी दोघंही दरीत जाऊ." त्यानंतर तुम्ही कापडाचं नाव काढलं नाहीत. मला वाटलं, विषय संपला.

तुम्ही शिवलंत ते घाटाखाली साखरप्याला, सुई-दोरा घरून खिशात घालून आणून; दुसरीकडे कुठे शक्यच नाही. मी चहाला उतरायचे आणि तुम्ही आतून म्हणायचात, "सावकाश पी हो, घाई नाही." मला ते बरं वाटायचं. आज लिहितेच आहे तर लिहिते, ती दहा मिनिटं मला तुमच्यापासून सुटका वाटायची. मी दुसरा कपसुद्धा घ्यायचे. ज्या हातांना भाताचा घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, ते हात वर धरून तुम्ही शिवत होतात आणि मी टपरीवर बशीत चहा ओतत होते. टाके कुठे लांब होतात ते पाहिलं की कुठल्या सोमवारी तुमच्या हातांत किती बळ उरलं होतं तेही कळतं.

नवं कापड बेतायला जुनं मापाला लागतं, त्यासाठी ते सगळं उसवून सपाट करावं लागतं. सीटकव्हरवाल्याने ब्लेड हातात घेतलं आणि, चांगला माणूस, थांबून विचारलं, "एवढा तुकडा राखून ठेवू काय?" मी नको म्हटलं. तो तुकडा घरी नेऊन कपाटात ठेवायला मला तोंड नव्हतं. त्याने चार झटक्यांत टाके काढले. दोरा इतका जीर्ण होता की बोटात धरताच तुटला.

नवं अस्तर छान बसलंय, सुरकुती नाही.

आता जे सांगायचं होतं ते. मी विसरले नव्हते, अण्णा. सवड नव्हती असंही नव्हतं. त्या वेळी मी गाडी घेऊन एका सीटकव्हरवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, दोन दिवस ठेवा, नवं घालून देतो. सोमवार ते सोमवार गाडी नुसती उभीच असायची. मी म्हटलं, राहू दे, नंतर बघू. नंतर म्हणजे कशानंतर, ते तो समजला नाही, मला मात्र बोलतानाच ठाऊक होतं. थोड्या दिवसांसाठी कशाला, असा हिशेब मी केला होता, तुम्ही जिवंत असताना.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुणाच्या हाती पडू देणार नाही. दादा मुंबईहून आला की अजून चारचौघांत सांगतो, अण्णांचं हिने केलं तेवढं कुणी करणार नाही. मी मान खाली घालून ऐकून घेते.