कुसुमची उंदरीण

ता. ४ मे १९४१, रविवार. निपाणी
काल ह्यांनी सगळ्यांना तंबूतला सिनेमा दाखवला. बोलपटाआधी हाताने काढलेली पळती चित्रं होती. कार्टून म्हणतात. उंदीर आगगाडी चालवतो, बोक्याला बदडतो. उंदरीण दोरीने बांधलेली, नुसती किंचाळते. आमची कुसुम भर तंबूत ओरडली, "अगं, दातानं तोड की दोरी!" सगळे हसले. मी ओशाळले, पण हसलेच.
घरी येईपर्यंत एकच धोशा. "आई, सोडवणारा उंदीरच का गं?" 

ता. ६, मंगळवार
कुसुम चौथी पास. वर्गात पहिली! देवापुढे साखर ठेवली. तिला बेळगावला वन्संकडे ठेवून इंग्रजी शाळेत घालावी असं ह्यांना म्हटलं. फॉर्म आणून देवघरात पोथीखाली ठेवलाय.
सासूबाई : "चार बुकं लई झाली. पोरीची जात."
हे : "बघू."
ह्यांचं 'बघू' म्हणजे काय, ते दत्तगुरूच जाणोत.

ता. ८, गुरुवार
उपास. गच्चीवर पापड वाळत घातले, राखणीला कुसुम. कावळ्यांनी अकरा नेले, कारण बाईसाहेब माझ्या ह्याच वहीच्या कोऱ्या कोपऱ्यांत चित्रं काढत बसलेल्या! पानोपानी तीच परकर नेसलेली उंदरीण, पाऊल जरासं पुढे.
"आई, पानं अंगठ्याखालनं सोड भराभरा." सोडली. उंदरीण पळाली की! पण मोकळ्या उंदराला दोरीने बांधून ती मागं मागं चालत घरात शिरली.
सासूबाई खूश. "शानी हाय. परतली बघ घराला."
कुसुम रडकुंडीला. "आज्जी, उलटं बघालाय तुमी! शेवटच्या पानापासनं बघायचं!"
लिहिलेल्या पानांना हात लावू नकोस, ही माझीच ताकीद. म्हणून पोरीने वही मागून धरलेली. मागून सोडली तेव्हा उंदरीण घरातून निघाली, धावली, दोरी कुरतडून उंदराला मोकळं केलं.
सासूबाई तोंडाला पदर लावून, "कुरतडलं की गं भवानीनं!" तीनदा बघितलं त्यांनी.
उरलेले पापड बरे वाळले.

ता. १८, रविवार
लोणचं घातलं. गल्लीतल्या पोरी उंदरीण बघायला येतात. कुसुम वहीत मागून पुढे येतेय, मी पुढून मागे. मध्ये चौदा पानं कोरी. अक्षर बारीक केलंय, कोपरे तिचे.

ता. २ जून, सोमवार
शाळा आठवड्यावर आली. फॉर्म अजून पोथीखाली.  

ता. ५, गुरुवार
हे तंबाखूच्या वखारीतून आले आणि वही मागितली. माझी पानं दोन्ही हातांनी घट्ट धरली, मागची तेवढी दाखवली. उंदराला सोडवून उंदरीण नदीकाठी येते. तिथे चित्रं संपतात.
"पुढं?"
"ठरलं न्हाय, आण्णा," कुसुम ह्यांना म्हणाली. "जाऊ दे का तिला पलीकडं?"
 सासूबाईंची जपमाळ थांबली. "हितवर आलीया न्हवं? मग जाऊ दे की रं. परत काय फिरायची आता."
हे हसले. "फॉर्म कुठाय?"
पोथीखालून काढून दिला. खिशात घातला, टोपी चढवली आणि बाहेर पडले. कुठे, सांगितलं नाही.
कुसुम पेन्सिलीला टोक करतेय.