काळ्या खडपेवर उद्या उघडं

२३ सप्टें., मंगळ.

काठी न घेता अंगणाच्या टोकापर्यंत गेले. नडगीत बसवलेली धातूची पट्टी थंडीत ठणकते म्हणे. आज थंडी नव्हती, तरी ठणकली.

रेंजच्या दगडावर बसून काळ्या खडपेचा अंदाज पाठवला. डोंगरातल्या साखरशेत गावात बसून समुद्राचा अंदाज! इथून समुद्र दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. तिकडे किनाऱ्यावर मोरेश्वरकाका होडी काढायच्या आधी खडपेसमोर उभे राहतात, दिसेल ते फोनवर सांगतात. मी त्यात वारा, भरती नि लाटांमधलं अंतर मिळवते आणि सर्फिंगच्या ग्रुपवर टाकते. बाबा मला हल्ली वेधशाळा म्हणतात. "वेधशाळाबाई, चहा झाला का?"

ग्रुपवरची पोरं सगळी पट्टीची. नवशिक्यांचं तिथे काम नाही. खडप म्हणजे पाण्यातला कातळ, लाट थेट त्यावर फुटते. अंगाखाली पाणी असेल तर बोर्डावर उभं राहायला तिच्यासारखी लाट नाही. पाणी नसेल तर खाली नुसता दगड, आणि मधोमध तो दात, वर आलेला सुळका.

ग्रुपवर निनादही आहे. त्याच्यासाठी मी काही पाठवत नाही. पोरं माझ्या शब्दावर आत जातात म्हणून पाठवते. तो माझाच अंदाज इंग्रजी करून त्याच्या सर्फ-शाळेच्या पेजवर टाकतो, खाली स्वतःचं नाव. चोर मेला.

२५ सप्टें., गुरु.

कोणीतरी नि.ची नवी रील पाठवली. पाठवणाऱ्याचं भलं होवो. मी दिवसभर जेवले नाही.

लाटेला त्याने स्वतःचं नाव दिलंय. निनाद पॉइंट! त्याच्या शाळेत मी नोकरीला होते तेव्हा दोन हंगाम त्या खडपेसमोर बसून काढले. कुठल्या तिथीला किती पाणी, कुठल्या वाऱ्याला लाट सरळ उभी राहते. पहिली मी गेले आत. तो तेव्हा किनाऱ्यावर उभा राहून विचारत होता, "खरंच जमेल का गं?"

आणि रीलमध्ये काय म्हणतो, "मे महिन्यात इथे एक अपघात झाला. मुलगी डोंगरातली होती, पाण्याचा अंदाज नव्हता."

पाण्याचा अंदाज नव्हता.

ओहोटी लागली होती. मी परत फिरले होते. कॅमेरा त्याच्या हातात. तोच ओरडला, "अजून एक घे! पाणी आहे, जा!" किनाऱ्यावरून त्याला मागचा कातळ दिसत होता, मला नव्हता. मी गेले. नडगी दोन जागी. दवाखान्यात एकदाच आला, सफरचंदं घेऊन. आईने ती बाजूच्या पेशंटला देऊन टाकली. तेव्हा मला आईचा राग आला होता.

त्याला त्याच्याच कॅमेऱ्यासमोर तोंडावर पडलेलं बघायचंय. बाकी काही नको.

२७ सप्टें., शनि.

मजा झाली. लिहूनच ठेवते.

परवा बॅटरी संपत आली होती, म्हणून अंदाज तोडून लिहिला: "उद्या सकाळी उघडं." काका नि माझे दोनच शब्द. पाण्याने कातळ पुरता झाकला तर झाकलं, म्हणजे जा. कातळ वर आला तर उघडं, म्हणजे घरी बसा. पोरांना हे माहीत आहे, ती घरी झोपली. नि.ने काय केलं? पेजवर टाकलं: उद्या पावसाची उघडीप, स्वच्छ आकाश, सगळ्यांनी या! काल सकाळी ठाण्याहून गाडी भरून माणसं आली आणि काळ्या दगडांसमोर बोर्ड घेऊन उभी राहिली. समुद्र पाटावर बसल्यासारखा शांत. कोणाला काही झालं नाही, पण हसं झालं.

काका सांगताना हसून हसून खोकायला लागले. "बाय, दगरावर खेकरं वेचीत होते सगले!"

इतकी वर्षं किनाऱ्यावर काढून त्याला हा शब्द माहीत नाही. कसा असणार? काकांशी तो बोलतो ते बोर्ड उचलायला सांगायला. त्याला उघडं म्हणजे आभाळ. खरं तर आमच्या घरीही तोच अर्थ. रोज संध्याकाळी आई विचारते, "उद्या उघडंल का गं?" नागली, वरी कापायला आलीय, पाऊस पाठ सोडत नाही. मी मोबाईलमध्ये बघून सांगते, उघडेल. इथे उघडलं की माणसं विळे घेऊन निघतात. तिथे उघडलं की माणसांनी घरी बसायचं.

मी त्याला काही बोलले नाही. चूक दाखवली नाही. का दाखवू?

३० सप्टें., मंगळ. अष्टमी

भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. पहाटे पाणी भरलेलं, मतलई वारा जमिनीकडून हलका, लाट छातीएवढी आणि स्वच्छ. लिहिलं: "झाकलं. जा रे पोरांनो." पोरांनी व्हिडिओ पाठवला. रडू आलं. पाय उशीवर ठेवून दुसऱ्याची लाट बघायची.

दुपारी नि.चा फोन. मेपासून पहिला! आवाजात तूप.

"वैजू, कशी आहेस? तू तर आपलीच आहेस गं."

कोणाची? बरं. परवाच्या फजितीचं म्हणाला, आभाळ तर उघडलंच होतं, लाटच आली नाही. मुंबईहून शूटिंगवाले येणार आहेत. कोजागिरीला किनाऱ्यावर पाहुणे, दूध वगैरे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, उजेड फुटताना, तो काळ्या खडपेवर. एकटा. मोठं काम मिळतंय म्हणाला. "मंगळवार सात तारीख. पहाटेचा तुझा अंदाज लागेल. अ‍ॅपवर ओहोटी दाखवतंय, पण लाट मोठी असली की पाणी पुरतं ना?"

म्हटलं, काकांना विचारून कळवते.

कोजागिरी, म्हणजे उधाण. उधाणाची ओहोटी पहाटेच. त्या वेळी खडप जेवढी वर येते तेवढी एरवी येत नाही. शेंबडं पोरही सांगेल. पण याला अ‍ॅप सांगतं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

सोनं वाटायला शेजारपाजारची माणसं. सगळ्यांची नजर आधी पायावर, मग तोंडावर. "आथा बरा हाय नं? परत नको जाऊ हां त्या समुद्राकडं." बाबांच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, आता पंचायत समितीत काही मिळतं का बघ. मी आपट्याचं पान देऊन हसले.

काकांना फोन केला. म्हणाले, पावसाळ्यात वाळू सगळी वाहून गेली. दाताभोवतीची भर गेली, दात हातभर उंच झालाय. हे कुठल्या अ‍ॅपला कळणार नाही. काकांना कळलं, मला कळलं. पोरांना लगेच सांगितलं, ग्रुपवर नाही, एकेकाला फोन करून. नि.ला नाही.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. त्याला सांगायचं की...

५ ऑक्टो., रवि.

पाठवलं.

"मंगळ. पहाट: काळ्या खडपेवर उघडं. वारा मतलई, हलका. लाट स्वच्छ."

एक अक्षर खोटं नाही. कोणी जाब विचारला तरी हेच दाखवीन. नि.ने अंगठा पाठवला, मग टाळ्या, मग "थँक्स वैजू, यू आर बेस्ट". तासाभरात पेजवर: मंगळवारी निरभ्र पहाट!

आता चित्र डोळ्यांसमोर आहे. नवा बोर्ड काखेत, केस मागे बांधलेले, शूटिंगवाले तयार, आणि समोर नुसता काळा दगड, त्यावर खेकडे. काय करील? पाहुण्यांसमोर काय बोलेल? "पाण्याचा अंदाज नव्हता" म्हणेल का? बोल म्हणावं आता.

आज दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आई म्हणाली, "आज बरी दिसतेस." बरं वाटतंय. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटतंय.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी

सकाळी नकाशे बघितले. लांब समुद्रात कमी दाब. परवापर्यंत त्याची चाल उत्तरेला वाटत होती, आता इकडे वळलाय. लाटांमधलं अंतर वाढलंय, म्हणजे मोठी लाट निघालीय, लांबून. पहिली आजच, पुरी उद्या पहाटेपर्यंत पोचणार. माझं गणित शांत समुद्राचं होतं.

दुपारी काका. आवाज नेहमीचा नाही. "बाय, पानी येगलाच झालाय. आज सकालच्या ओहोटीला खडप दिसली नाय, नुसता फेस. दात फेसाखाली. बघनाऱ्याला वाटंल लय पानी हाय."

आणि पाणी तर नाही. ओहोटीला तिथे गुडघाभर, दातावर तेवढंही नाही.

दगड दिसला असता तर तो मागे फिरला असता. हसं झालं असतं, संपलं असतं. फेस दिसला तर तो जाईल. जाणारच. कॅमेरा असला की...

मी दगडावर बसून राहिले. खालच्या बांधावर आई वरी कापत होती, मधेच आभाळाकडे बघायची. मला हे नको होतं. की हवं होतं? मेमध्ये तो कातळ दिसत असून ओरडला. मुद्दाम नसेल, त्याला फोटो हवा होता. मला काय हवं होतं? मुद्दाम मी केलंय. त्याच्यापेक्षा मी वरचढ निघाले, म्हणायचं.

पण राग कमी होत नाही. खरं सांगते, जराही नाही.

त्याला फोन लावला. मागे गाणी, हसणं.

म्हटलं, "खडपेचं एक सांगायचं राहिलंय. सांगते. आधी तू ग्रुपवर लिही, मे महिन्यात मला आत कोणी पाठवलं."

"काय? वैजू, कोजागिरी आहे, पाहुणे आहेत. हे काय काढलंस आत्ता?"

"एक ओळ. लिही."

"तू स्वतः गेलीस. मी काय हात धरून नेलं तुला? किती दिवस तेच धरून बसणार आहेस? सोड आता." आणि मग कोणाला तरी, फोन बाजूला न घेता, "अरे काही नाही, ती पाय मोडलेली."

ठेवला मी.

ती पाय मोडलेली.

काकांना सांगितलं, उद्या उजाडायला सगळे खडपेपाशी जमले की मला फोन लावा आणि त्याच्या हातात द्या. काका म्हणाले, "मीच सांगतो नं त्याला, नको जाऊस." म्हटलं, तो तुमचं ऐकेल? काका म्हणाले, "नाय ऐकनार."

आईने जेवताना विचारलं, "उद्या उघडंल का गं?"

म्हटलं, उघडेल.

७ ऑक्टो., मंगळ. सकाळ

इथे उघडलंय. चार दिवसांत असं ऊन पडलं नाही. आई-बाबा दोघंही वरीवर गेलेत, बाबांनी शाळेत रजेचा अर्ज टाकलाय. मला भाकरी झाकून ठेवलीय. मी रेंजच्या दगडावर.

उजाडता उजाडता काकांचा फोन आला. वाऱ्याच्या आवाजात माणसांचा गलका. काका म्हणाले, "सगले आलेत. लाट मोठी हाय. त्यो बोर्ड घेऊन तयार." मग नि., "हां वैजू, बोल. स्पीकरवर आहेस हां, हे लोक ऐकतायत. आमची डोंगरातली वेधशाळा!" कोणी तरी हसलं.

मी सांगितलं. नीट, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. उघडं म्हणजे आभाळ नाही. खडप उघडी. दिसतंय तो फेस आहे, खाली पाणी नाही. या पावसाळ्यात दात वर आलाय. भरती निम्मी होईपर्यंत कोणीही आत जायचं नाही.

शूटिंगवाल्यांतली एक बाई म्हणाली, "मग थांबू या ना. दुपारी करू." काका म्हणाले, "तेच मी बोलत होतो." झालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. तो थांबला असता. त्याचा श्वास ऐकू येत होता मला, तो बोर्ड खाली ठेवायच्या बेतात होता. मी त्या माणसाला ओळखते.

मी म्हटलं, "आणि निनाद, एवढ्या लाटेला तुझ्याच्याने तर व्हायचंच नाही. ती लाट माझी आहे. तू किनाऱ्यावर उभा राहणारा."

पुन्हा कोणी तरी हसलं. या वेळी त्याला.

तो म्हणाला, "असं?" मग मला नाही, दुसऱ्याला, "कॅमेरा लाव रे." आणि फोन काकांकडे गेला की खाली पडला, कळलं नाही. बंद झाला.

सगळं खरं सांगितलं मी. खडपेचंही आणि त्याचंही. ते शेवटचं वाक्य बोलताना तो काय करील ते मला ठाऊक होतं, आणि तरी बोलले. ठाऊक होतं म्हणूनच बोलले असेन. ते बोलताना जे वाटलं ते इथे लिहिणार नाही. लिहितेच: छान वाटलं. आत्ता वाटत नाही.

गेला असेल? काकांनी धरून ठेवला असेल. काका त्याच्या दुप्पट आहेत. किंवा ती बाई. किंवा त्याचाच त्याला धीर झाला नसेल, तसाच आहे तो मुळात.

ऊन चांगलंच वर आलंय. खाली आई विळा थांबवून हात हलवतेय, जेवलीस का विचारतेय बहुतेक. तिकडे आता भरती लागली असेल. जे व्हायचं ते होऊन गेलं असेल.

काकांचा फोन आलेला नाही. मला लावता येईल, रेंज पूर्ण आहे, बॅटरीही. लावलेला नाही.