आज वाळू आहे

आई, तुझ्या नावाचा बाक करायचा की नाही, यावरून सध्या आमच्या घरात भांडण चाललंय. भांडण माझं आणि तुझ्या नातीचं. तुझे जावई नेहमीप्रमाणे दोघींचंही ऐकून मान डोलावतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. इथे कॉव्हेंट्रीत कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, बागेत गेलेल्या माणसाच्या नावाने लाकडी बाक ठेवता येतो. पाठीवर पितळेची पट्टी, पट्टीवर नाव आणि एखादी ओळ. तुझ्या नातीला तो हवाय. तिचं म्हणणं मला पटतं, आणि तुझं म्हणणं आठवतं. चपात्या लाटता लाटता लाटणं माझ्यावर रोखून तू म्हणाली होतीस, "माझ्यामागे दगडबिगड काही नको हं. राख नदीत सोडा आणि जेवायला बसा." आम्ही अगदी तसंच केलं. बाबा आणि आत्या कृष्णेवर जाऊन आले, आणि मग सगळे जेवायलाही बसलो. आता ज्या देशात तू उभं आयुष्य काढलंस, तिथे तुझं नाव कुठेही नाही. दुसऱ्या कुणाचं नसतं तर मला काही वाटलं नसतं. पण तुझं नाही याचा मला राग येतो, कारण तू आयुष्यभर लोकांची नावंच तर उजळत होतीस.

खरं तर हे सगळं सुरू झालं शाळेच्या सहलीवरून. हिस्टरीच्या वर्गाला घेऊन गेले ते नेमकं केंब्रिजजवळच्या तुझ्या टेकडीवर. पोरगी घरी आली, बॅग जिन्यात टाकली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, आजी तिथे जॉब करायची ना? मग आजीचा नाव कुठे आहे?"

"आजीचं नाव," मी म्हटलं.

"व्हॉटेव्हर. कुठे आहे? मी सगळी वॉल बघितली. शी लुक्ड आफ्टर एव्हरीवन अँड शी इज नोव्हेअर."

भिंतीवरची नावं बेपत्ता सैनिकांची असतात, तिथे काम करणाऱ्यांची नसतात, असलं काहीतरी शहाणपण मी सांगत बसले.

तुझी टेकडी मला अजून जशीच्या तशी आठवते. सपाट शेतांच्या त्या मुलखात एकच काय तो चढ, आणि त्यावर अमेरिकन सैनिकांचं स्मशान. पांढऱ्या संगमरवराचे क्रॉस, मधूनच ज्यू सैनिकाचा तारा, वळत गेलेल्या रांगा, आणि गवत असं राखलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. त्यातली कितीतरी विमानांवरची पोरं. आसपासच्या धावपट्ट्यांवरून उडाली आणि परत आली नाहीत, किंवा आली ती अशी. लढाई संपल्यावर त्यांच्या सरकारने घरोघरी विचारलं होतं, मुलाला परत पाठवू की तिकडेच राहू दे? हे मला पहिल्यांदा सांगताना तू भाजी चिरायची थांबली होतीस. "आयांना विचारलं गं," म्हणालीस, "काय तरी उत्तर द्यायचं माणसाने!" तुला त्या जागेचं सगळ्यात कौतुक कशाचं, तर साहेबाचा आणि साध्या शिपायाचा दगड एकसारखा. मानाची जागा म्हणून नाही, जसे आले तसे शेजारी शेजारी. आपल्याकडे साध्या पंगतीतसुद्धा हे जमत नाही, असं तुझं मत होतं आणि ते तू पंगतीत बसूनही ऐकवायचीस.

आपण तेव्हा केंब्रिजमध्ये राहायचो, आणि त्या स्मशानाच्या ऑफिसात तू लागलीस फोन घ्यायला. पण थोड्याच दिवसांत वाळू तुझ्याकडे आली. संगमरवर पांढरा आणि त्यात कोरलेलं नावही पांढरं, त्यामुळे जरा लांबून काही वाचता येत नाही, फोटोत तर नाहीच. म्हणून अमेरिकेतून कुणाच्या घरचं माणूस आलं की फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून आणलेली वाळू ओली करायची, स्पंजने अक्षरांत दाबून भरायची आणि वरून दगड पुसून घ्यायचा. नाव सोनेरी होऊन वर येतं. शेजारी दोन छोटे झेंडे रोवायचे, एक त्यांचा, एक इथला. तुझा हात रांगोळीचा, त्यामुळे तुझी अक्षरं कडेला कधी फिसकटायची नाहीत. तिथल्या लोकांनी केलेलं कौतुक घरी सांगताना तू मुद्दाम परातीत बघत कणीक मळायचीस, म्हणजे आम्हाला तुझं हसू दिसू नये. असं कुणी यायचं असलं की सकाळी डबा भरताना तू म्हणायचीस, "आज वाळू आहे." मग तुझी ती छोटी गोधडी पिशवीत जायची. गुडघ्याखाली घ्यायला तू ती स्वतः शिवली होतीस आणि खालून शॉवरच्या जुन्या पडद्याचं प्लास्टिक लावलं होतंस.

आणि संध्याकाळची आंघोळ! चपला मागच्या दाराशी काढून, कशालाही हात न लावता तू तडक वर जायचीस. माझं काम तुझ्यापुढे पळत जाऊन दारं उघडायचं. स्मशानातून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय चुलीला शिवायचं नाही, हे तुझ्या अंगात मुरलेलं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया ऑफिसातून आल्या की असंच करतात. बाहेर मात्र तू सांगायचीस की तुला सरकारी बागेत नोकरी आहे. खोटं नव्हतं ते. गवत होतंच ना.

ही बाग उघडी पडली माझ्यामुळे. शनिवार होता, तू वाळूला गेली होतीस, बाबा गॅरेजमध्ये होते आणि लंडनच्या एजवेअरहून आत्याचा फोन आला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, मराठी यथातथाच. 'वाळू' हा शब्द ऐन वेळी आठवेना. त्याच्या जवळपासचा एक शब्द मला येत होता, तो मी दिला ठोकून.

"आई मातीला गेला, आत्या."

आपल्या साताऱ्याकडे मातीला जाणं म्हणजे प्रेताबरोबर जाणं, हे मला कुठलं माहीत!

"अगं बाई! कुणाच्या?"

"एका अमेरिकन माणसाच्या."

"कोण अमेरिकन? तुमच्या शेजारचा?"

"नाव नाही माहिती. पण आई एव्हरी वीक जातो. आणि मग घरी येऊन आंघोळ करतो."

आत्या संध्याकाळच्या आत ट्रेनने हजर. पांढरी साडी, हातात बर्फीचा डबा. साडी दुःखासाठी आणि डबा भाचीसाठी, असा दोन्ही बाजूंनी विचार करून आलेली. तू वरून आंघोळ करून खाली आलीस तर नणंदबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर, आणि तोवर बाबांकडून तिला सगळं कळलेलं.

"वहिनी, दुकानात टिलवर पैसे घ्यायला बस, शाळेत जेवण वाढणारी डिनर लेडी हो, मी काही म्हणणार नाही. पण स्मशानात? बायकामाणसाने? एजवेअरमध्ये मी लोकांना काय सांगू? सोमवारी फोन करायचा आणि नोकरी सोडायची."

बाबा चहाच्या कपात बघत राहिले. मी दाराआड. तू ओले केस टॉवेलात गुंडाळत होतीस, आणि मला वाटलं आता तू रडशील. तू म्हणालीस, "वन्सं, त्या पोरांच्या आयांना इथवर येणं जमलं नाही. मी रोज बसने जाते. मला जमतं, म्हणून जाते."

"आणि सोडायला सांगितली तर?"

"उद्याही वाळू आहे. तुम्ही चला माझ्याबरोबर. बघा, आणि मग सांगा सोड म्हणून."

दुसऱ्या दिवशी आपण तिघी गेलो. आत्या बाबांचे गमबूट घालून, साडी वर खोचून. मी इतकी आनंदात होते की काय पणाला लागलंय याची मला कल्पनाच नव्हती. अमेरिकेहून एक म्हातारी आली होती, काठी टेकत. तिथे पुरलेल्याची बहीण. भाऊ गेला तेव्हा ती माझ्याएवढी होती, असं तिनेच माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. तू गोधडीवर गुडघे टेकलेस, वाळू भरलीस, फडकं पिळून दगड पुसलास. नाव वर आलं. म्हातारीने ते मोठ्याने वाचलं आणि तिला खाली बसायचं होतं, पण गुडघे ऐकेनात. तू काही बोलायच्या आत आत्याने पुढे होऊन तिला धरलं, गोधडी सरकवली आणि हळूहळू खाली बसवलं. मग ती तिथेच थांबली, तिच्या खांद्यावर हात ठेवून. दोघींना एकमेकींची भाषा धड कळत नव्हती. म्हातारी इंग्रजीत भावाबद्दल काहीबाही सांगत होती आणि आत्या मराठीत "हो गं, हो गं" म्हणत होती.

बसने घरी आल्यावर आत्या म्हणाली, "आधी मी आंघोळीला जाते. तुझ्यानंतर गरम पाणी उरत नाही." तू मात्र त्या दिवशी वर गेलीच नाहीस. सिंकवर हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि आधण ठेवलंस. आत्या खाली आली, तिने ते पाहिलं, आणि कप पुढे केला. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे एजवेअरच्या हळदीकुंकवात तीच सांगायची म्हणे, "आमच्या वहिनी लष्करात आहेत."

माझ्या मराठीची शिकवणी मात्र त्याच आठवड्यात सुरू झाली. रोज संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. 'वाळू' शंभरदा लिहून घेतलंस. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की लाटण्याचा ठोका टेबलावर पडायचा, माझ्यावर कधीच नाही. आज हे एवढं लांबलचक मराठीत लिहिता येतंय, ते त्या एका फोनमुळे.

कॉलेजात गेल्यावर मला अक्कल फुटली. एकदा सुट्टीत मी तुझ्याबरोबर आले होते, तू एवढ्या मन लावून भरलेलं नाव दुपारच्या सरीने धुऊन नेलं आणि मी म्हटलं, "काय उपयोग? एकदाच रंग का देत नाहीत?" तू बादली विसळत होतीस. "उद्या भूक लागणारच आहे, मग आज जेवतेस कशाला?" म्हणालीस. थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "रंग दिला की माणसं यायची बंद होतात बघ. वाळू भरायला कुणीतरी यावं लागतं." त्या वाळूतली चिमूटभर मी आठवण म्हणून मागितली, तर तीही दिली नाहीस. "ती त्यांची आहे." विषय संपला. तुझ्याइतकं स्वच्छ काम करणारं माणूस मी नंतर पाहिलेलं नाही, आई, आणि तू असताना हे तुला तोंडावर सांगायचं मला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी तू कणीक मळायला घेतली असतीस.

हे सगळं मी तुझ्या नातीला सांगितलं. फोनची गोष्ट ऐकून ती जमिनीवर लोळून हसली. वाळूची गोष्ट ऐकून उठून बसली. मग म्हणाली, "ओके. नो बेंच. पण मला एकदा बघायचंय. जस्ट वन्स."

परवा रविवारी ती दुकानातून लहान मुलांच्या खेळायच्या वाळूची पिशवी घेऊन आली. परसातली काळी फरशी घासून धुतली. तुझी गोधडी माझ्याकडेच आहे, ती गुडघ्याखाली घेतली. तुझं नाव तिला लिहिता येत नाही, त्यात जोडाक्षर आहे. म्हणून चिमटीने, जीभ बाहेर काढून, तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आजि'. पहिली वेलांटी. माझा हात टेबल शोधायला लागला, ठोका द्यायला. पण ती मागे सरकून, डोकं तिरकं करून बघत होती, अगदी तू बघायचीस तसं, आणि मी म्हटलं, "छान आलंय." मग तिला मैत्रिणीचा फोन आला आणि ती आत गेली.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच आहे. कृष्णेला पिनकोड नाही. गोधडीच्या घडीत ठेवून देईन. बाक होणार नाही, पट्टी होणार नाही, तू सांगितलंस ते सगळं पाळलंय. एकच गोष्ट पाळली नाही, ती सांगून टाकते. त्या रविवारी चार वाजता भुरभुर सुरू झाली, आणि वाळू धुऊन जाऊ द्यायची असते हे पक्कं ठाऊक असून मी छत्री घेऊन बाहेर गेले. ती त्या दोन अक्षरांवर धरली, आणि स्वतः भिजत उभी राहिले.