चाव्यांखालच्या गाद्या

जालना, भाद्रपद शुद्ध षष्ठी, सन १९३१

शांतिलालशेठ, पुंजाराम मिस्त्रीचा रामराम.

छावणीच्या बँडमधली जुनी लाकडी बासरी देताना तुम्ही बजावलं व्हतं, "चाव्यांखालच्या गाद्या रेशमाच्या कर. आम्हा जैनांच्या घरात चामडं बिलकुल चालत न्हाई. आईच्या पारण्याला वाजवायचीय."

भोकं झाकणाऱ्या जुन्या गाद्या खरवडल्या, तर त्याच चामड्याच्या निघाल्या. इतकी वर्षं तुम्ही तीच वाजवून राह्यले! तवाच येऊन सांगायचं व्हतं. पण मी रेशीम लावून बघितलं, त्याला मेण चोळलं, तरी हवा काही थांबेना. बासरी नुसती फुसफुसायची. पारणं तर उद्यावर आल्तं. मंग मी बकऱ्याचं पातळ कातडं लावलं, अन् तुम्हाला म्हणालो, रेशीम हाय.

आज आठ दिवसांचा उपास सोडायच्या आधी तुमच्या आई डोळे मिटून बासरी ऐकत बसल्या. मंग मला जवळ बोलावून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पुंजाराम, तू माझ्या घरात चामडं येऊ दिलं न्हाईस." अन् स्वतः तोंडात पाणीबी घ्यायच्या आधी त्यांनी माझ्या हातावर शिऱ्याचा घास ठेवला.

मी तो खाल्ला, शेठ. गोड लागला.

हे सांगायला तुमच्या दारापर्यंत येऊन माघारी फिरलेला,
पुंजाराम