शिवप्रियाला मिळालेला कमरेचा पट्टा

अणदूर, शनिवार

ती. वैजनाथदाजींना दैवशालाचा नमस्कार. आक्काचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना चढू नकोस. (ऐकणार नाही, पण सांगितल्याचं समाधान.) इकडे वृद्धाश्रमात सगळे आजी-आजोबा खुशाल आहेत. मीच तेवढी नाही.

कारण शिवप्रिया. चार महिन्यांपूर्वी आलेली नवी सेविका. मी इथं नऊ वर्षं माणसं उचलतेय, पाठ कितीही दुखली तरी तोंड उघडलं नाही. हिनं आठव्याच दिवशी साहेबांना सांगितलं आणि हिला कमरेचा पट्टा आला. एकच आला. तो बांधून ही नव्या नवरीसारखी मिरवते. मी जळते, दाजी, खोटं कशाला बोलू? त्यात सिद्धम्मा आजी. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवलं ते मी, (नाहीतर पाठीला जखमा होतात) आणि आता नाव घेतात हिचं.

आजींना खाटेवरून दोघींनी मिळून उचलायचं, असा नियम भिंतीवर लावलाय. पण बुधवारी मी मुद्दाम शिवप्रियाला हाक मारली नाही. म्हटलं, पट्ट्याशिवाय कसं उचलतात ते दिसू दे सगळ्यांना. आजींना कवेत घेऊन वळले आणि चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिला होता. खुर्ची गेली व्हरांड्यात. मी खाली, आजी माझ्यावर. त्यांना ओरखडाही नाही, कारण गादी मी होते. पडल्या जागेवरून म्हणाल्या, "अगं, त्या पट्टेवालीला बोलीव की. तुला न्हाय जमायचं." शिवप्रियानं स्वयंपाकघरातल्या गजराबाईला सोबत घेऊन (नियमाप्रमाणे दोघी) आधी आजींना उचललं, मग मला. तेव्हापासून वाकलं की कळ टाचेपर्यंत जाते. साहेबांना कळलं तर घरी बसवतील, म्हणून हसत काम करते.

तुमची मेहुणी,
दैवशाला

ता.क. तुमच्या दवाखान्यात आयाची जागा निघाल्याचं आक्का म्हणाली. शिवप्रियाचं नाव सुचवा. मुलगी हुशार आहे. (मी म्हटलं हे तिला कळू देऊ नका.) ती गेली की पट्टा इथंच राहील.

ता.क. २ पाकीट चिकटवणार तोच ती आली आणि न विचारता पट्टा माझ्या कमरेला बांधायला लागली. म्हणाली, "साहेबाला म्या काय बोलले न्हाय, ताई. पण आता एकटीनं उचलायचं न्हाय." पट्टा मला पुरलाच नाही, तिची कंबर बारीक आहे. तेही सोसलं. वरचं रद्द समजा, दाजी. ती गेली तर मी इथं महिनाभर टिकायची नाही. जागा दोन असतील तर मात्र कळवा.