प्रार्थनेतले पहिले नाव

पप्पा,

काल वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने मला लिफ्टपाशी सर्वांसमोर चुगलखोर म्हटले. त्याने गॅलरी काचा लावून बंद केली होती. कुणीतरी महापालिकेकडे तक्रार केली आणि माणसे येऊन ती तोडून गेली. "नियमावर बोट ठेवणारा या बिल्डिंगमध्ये दुसरा आहे कोण? तूच रे!" तो ओरडला. तक्रार मी केलेली नाही. कुणी केली हे मला ठाऊक आहे. त्या बांधकामामुळे ज्यांच्या भिंतीत पाणी झिरपत होते, त्या एकट्या राहणाऱ्या बाईंनी स्वतःच मला ते विश्वासाने सांगितले होते. ओठांपर्यंत आलेले त्यांचे नाव मी गिळले. "मी केलेली नाही," एवढेच बोललो आणि घरी येऊन थरथरत बसलो. तुम्ही थरथरला नव्हता, आणि त्या शांतपणाचा मला आजवर हेवा वाटतो, असे लिहिणार होतो. पण ते पूर्ण खरे नाही, आणि अर्धवट विधान मला खपत नाही हे तुम्ही जाणता. हेवा वाटतो तो त्याचा, ज्याने तुमच्यावर आळ घेतला.

गोरेगावच्या स्टुडिओतला कपडेपट तेव्हा तुमच्या ताब्यात होता आणि मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला. नायकाचा जरीकाम केलेला पांढरा कोट सापडेना, तेव्हा तुमच्या हाताखालच्या सहकाऱ्याने मॅनेजरला सांगितले की तुम्हाला तो पिशवीत घालून नेताना त्याने पाहिले. माझ्याहून थोडाच मोठा होता तो. "कोट मी नेलेला नाही," असे तुम्ही एकदा, स्पष्ट सांगितले, आणि तुम्हाला घरी बसवले गेले. त्या संध्याकाळी आपण नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात प्रार्थनेला बसतो. चूल विझलेली, तव्याचा वास अजून हवेत. तुम्ही डोळे मिटता आणि पहिले नाव त्याचे घेता. त्याची झोप, त्याची आई, त्याची भीती. मी डोळे उघडे ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. माझे नाव येते ते शेवटी, सर्वांच्या बरोबर, "आणि या लेकरांना" एवढ्यात.

आई भडकली होती. "अहो, तो तुम्हाला चोर म्हणतोय आणि तुम्ही त्याच्यासाठी मागताय? आधी घरच्यांसाठी मागा ना!" तुम्ही हसलात. "घरच्यांसाठी मागायला मला जोर लावावा लागत नाही गं." मी तुमच्या वतीने मॅनेजरसाठी मुद्देसूद खुलासा लिहून आणला होता, त्यात त्या सहकाऱ्याच्या प्रत्येक जुन्या चुकीचा उल्लेख होता. तुम्ही तो शांतपणे वाचला आणि म्हणालात, "अक्षर सुरेख आहे. पण यात तू त्याला चोपलंयस." मग बायबल उघडून योसेफाची गोष्ट वाचली. त्यालाही अंगावरच्या कपड्यानेच अडकवले होते; त्याच्यावर खोटा आळ घेणाऱ्या, मालक पोटीफराच्या बायकोच्या हाती त्याचे वस्त्र राहिले आणि तो तुरुंगात गेला. "तिथे तो काय म्हणाला बघ," तुम्ही ओळीवर बोट ठेवलेत. "मी काही केलेलं नाही, एवढंच. तिचं नाव घेतलं का त्याने?" मी म्हणालो, "घ्यायला हवं होतं." तुम्ही पुस्तक मिटलेत. "तुला जिंकायचंय रे. मला नुसतं खरं राहायचंय." इतका मऊ ठपका माझ्यावर पुन्हा कुणी ठेवला नाही, आणि दुसरा कुठला इतका लागलाही नाही.

कोट कपडेपटातच होता. मारामारीच्या प्रसंगासाठी तो जुना दिसावा म्हणून त्या सहकाऱ्यानेच चहाच्या पाण्यात बुडवायला आणि माती चोळायला पाठवला होता, आणि विसरला होता; कोट सापडेना तेव्हा आपल्यावर येईल या भीतीने तुमचे नाव पुढे केले होते. परत आला तो इतका मळकट की फाटक्या कपड्यांच्या दोरीवर लटकत राहिला. रोज सगळे त्याच्याखालून ये-जा करत होते. अस्तराला तुम्ही घातलेली टीप एका शिंप्याने ओळखली म्हणून उलगडा झाला. तुम्ही परत गेलात तेव्हा तो कोपऱ्यात उभा होता, तोंड लपवून. तुम्ही विचारलेत, "जेवलास का रे?" पुढच्या रविवारी तो आपल्या घरी मटण जेवायला आला. जाताना तुम्ही त्याला तुमची मोठी कात्री दिलीत. तीच कात्री, जिला मला कधी हात लावू दिला नाहीत. "कागद कापशील, धार जाईल." मी कधीच काही चोरले नव्हते, खोटे बोललो नव्हतो, नापास झालो नव्हतो. मला वाटले, या घरात प्रेम मिळवायचे तर आधी तुमच्यावर आळ घ्यावा लागतो. तुमच्या शवपेटीला पुढचा खांदा त्याने दिला. त्याच्या मागचा मी.

आज संध्याकाळी प्रार्थनेला बसलो आणि वरच्या शेजाऱ्याचे नाव पहिले घ्यायचे ठरवले. ते निघेना. जबडा दुखेपर्यंत निघेना. तेव्हा तुमचा तो जोर लावण्याचा अर्थ मला प्रथम कळला. अखेर नाव बाहेर आले, आणि डोळे उघडले तर समोर माझी मुलगी डोळे उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या नजरेत काय होते ते मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मी डोळे मिटले आणि दुसरे नाव तिचे घेतले, पूर्ण, एकटीचे.

उद्या तो लिफ्टपाशी पुन्हा ओरडेल. बाईंचे नाव मी घेणार नाही. एवढे जमेल असे वाटते.

तुमचा तो सहकारी आता म्हातारा झाला आहे, तरी दर रविवारी उपासनेनंतर तुमच्या कबरीवर फुले ठेवायला जातो. हे पत्र त्याच्या हाती दिले तर तो ते निगुतीने तुमच्या दगडाखाली ठेवील. पण मी देणार नाही, पप्पा. तुमच्यापर्यंत काही पोचवायचा मान यावेळीही त्यालाच मिळावा, हे मला अजून सोसत नाही.